फक्त ड्रायव्हिंग लायसन्सवर विमान उडवता येतं? ‘स्टॉल स्पीड’चा नियम नेमका काय आहे

‘पायलट व्हायला आता मेडिकलची गरज नाही, ड्रायव्हिंग लायसन्स पुरेसं आहे.’ माहूर असो वा लातूर, असा दावा करणारी रील फोनवर आली तर कोर्सची चौकशी करण्याआधी त्यामागचा नियम समजून घ्यायला हवा. हा नियम खरा आहे, पण तो अमेरिकेचा आहे आणि त्याचा अर्थ रीलमध्ये सांगतात तेवढा सोपा नाही.

नियम काय बदलला?

अमेरिकेत २००४ पासून ‘स्पोर्ट पायलट’ हे छंदासाठीचं लायसन्स आहे. त्यावर उडवायचं जमिनीवरचं विमान ६०० किलोपर्यंतचं आणि दोन सीटचं असावं लागायचं. स्टॉल स्पीडची मर्यादा होती ४५ नॉट्स, म्हणजे ताशी सुमारे ८३ किमी.

तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, म्हणजे एफएएने, जुलै २०२५ मध्ये ‘मोझॅक’ हे नवे नियम जाहीर केले. स्पोर्ट पायलटसाठीचे बदल २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाले. वजनाची अट गेली आणि स्टॉल स्पीडची मर्यादा ५९ नॉट्स, म्हणजे ताशी सुमारे १०९ किमी झाली. विमान चार सीटचं चालतं, पण पायलटसोबत प्रवासी एकच नेता येतो.

स्टॉल म्हणजे काय?

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. वेग कमी झाला की विमान हवेत ठेवण्यासाठी नाक वर उचलावं लागतं. पंखाचा हवेशी होणारा कोन साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की हवा पंखाला धरून वाहत नाही आणि पंखाची उचल एकदम घटते. हे ज्या वेगाला होतं तो स्टॉल स्पीड.

तो जितका कमी, तितक्या कमी वेगात विमान उतरवता येतं. संकटात शेतात उतरावं लागलं तर हाच फरक जीव वाचवू शकतो, कारण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. त्याच वजनाचं विमान ४५ ऐवजी ५९ नॉट्सने आदळलं तर ऊर्जा सुमारे १.७ पट होते.

मग सेसना १७२ बसते का?

बसते. भारतातल्या फ्लाइंग स्कूलमध्येही दिसणाऱ्या या विमानाच्या ‘१७२ एस’ मॉडेलचं कमाल वजन सुमारे ११५७ किलो आहे. जुन्या नियमात ते बसणं शक्यच नव्हतं.

इथे आकडा नीट पाहावा लागतो. मॅन्युअलमध्ये स्टॉल स्पीड एकच नसतो. फ्लॅप पूर्ण उघडले की तो कमी असतो, बंद असताना जास्त. नियमाला फ्लॅप बंद असतानाचा, कमाल वजनाचा आकडा लागतो. तोही कॉकपिटमधल्या काट्यावर दिसणारा नाही, तर त्यातली चूक दुरुस्त केलेला. ‘१७२ एस’मध्ये काट्यावर ४८ नॉट्स दिसतात, दुरुस्त वेग ५३ असतो. म्हणजे ५९ च्या आत.

सिरस एसआर-२२ मध्ये मात्र फ्लॅप बंद असताना स्टॉल स्पीड ७० नॉट्सच्या आसपास आहे. ते विमान बसत नाही.

ड्रायव्हिंग लायसन्सचं काय?

अमेरिकेचं ड्रायव्हिंग लायसन्स फक्त मेडिकल सर्टिफिकेटच्या जागी चालतं, तेही दिवसाच्या उड्डाणासाठी आणि काही अटींवर. प्रशिक्षण, लेखी आणि उड्डाण परीक्षा चुकत नाहीत.

भारतात लागू आहे का?

नाही. इथे डीजीसीएचे नियम चालतात. खासगी पायलट लायसन्ससाठी वय किमान १७, दहावी पास, क्लास-२ मेडिकल आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. पगारी पायलट व्हायचं तर कमर्शियल लायसन्स, क्लास-१ मेडिकल आणि २०० तास लागतात.

अमेरिकेचं स्पोर्ट लायसन्स आंतरराष्ट्रीय मापदंडांनुसार दिलं जात नाही. ते दाखवून भारतात कमर्शियल लायसन्स मिळत नाही. त्यामुळे कुणी ‘मेडिकलशिवाय पायलट’ असा कोर्स विकत असेल, तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: शेवटी हातात कोणतं लायसन्स येणार, आणि ते डीजीसीएला चालतं का?