गरजू शाळांना शिक्षक : अमेरिकेतील देणग्यांचा वाटा

‘गरजू’ म्हणजे गरीब घरांतली मुले जास्त आणि शिक्षकांचा, विशेषतः गणित-विज्ञानाच्या, तुटवडा असलेल्या सरकारी शाळा.

● टीच फॉर अमेरिका : स्थापना १९८९, वेंडी कॉप. मूळ कल्पना प्रिन्स्टन विद्यापीठातील त्यांच्या पदवी-प्रबंधातली. नवे पदवीधर दोन वर्षे शिकवतात. पगार शाळेकडूनच, देणग्या खर्च होतात त्या उमेदवारांचा शोध, निवड आणि प्रशिक्षणावर. २०११ मध्ये चार देणगीदारांनी प्रत्येकी अडीच कोटी डॉलर देऊन १० कोटींचा कायम निधी उभारला.

● वुड्रो विल्सन शिक्षक फेलोशिप : इंडियानात लिली एन्डाउमेंटचा, मिशिगनमध्ये केलॉग प्रतिष्ठानचा पैसा. गणित-विज्ञानाच्या पदवीधरांना ३० हजार डॉलर विद्यावेतन आणि अध्यापनाची पदव्युत्तर पदवी मिळे. अट होती : तीन वर्षे गरजू शाळेत नोकरी.

● मॅथ फॉर अमेरिका : २००४, न्यूयॉर्क. संस्थापक गणितज्ञ (आणि अब्जाधीश) जिम सायमन्स.

फरक : ‘टीच ग्रँट’ ही देणगी नव्हे, शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची मदत. शिक्षण संपल्यावर आठ वर्षांत चार वर्षे गरजू शाळेत शिकवले नाही, तर तिचे कर्ज होते.

भारतात : टीच फॉर अमेरिकाच्या धर्तीवरील ‘टीच फॉर इंडिया’ची पहिली तुकडी २००९ मध्ये मुंबई-पुण्यातील वर्गांत दाखल झाली.