पाच व्हॉल्व्हांचा कारभार

इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली की तिच्याखालच्या पिकअपमध्ये, म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे घेतलेल्या बारीक तारेत, अगदी क्षीण विद्युतदाब उठतो. दशांश व्होल्ट, फार तर त्याहून थोडा जास्त. एवढ्याशा विजेवर बारा इंची स्पीकरचा कागद हलणं शक्यच नाही. पण गंमत अशी की तो हलवायला ही वीज जातच नाही. गिटारमधला एकही इलेक्ट्रॉन स्पीकरपर्यंत पोचत नाही. गिटार फक्त हुकूम सोडते. राबते ती भिंतीतल्या सॉकेटमधून आलेली वीज.

हा हुकूम कसा पाळला जातो ते डोळ्यांनी बघायचं आणि हातांनी जोडायचं असेल, तर जुन्या धाटणीच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या किटसारखी वस्तू नाही. किट बांधणाऱ्यांचा फार लाडका नमुना म्हणजे फेंडर कंपनीचा १९५०च्या दशकातला ‘डीलक्स’. आराखडा क्रमांक ५ई३ : ५ म्हणजे पन्नासचं दशक, ई ही त्या सर्किटची आवृत्ती आणि ३ म्हणजे डीलक्स हे मॉडेल. लिओ फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९३८मध्ये त्याने दुकान थाटलं होतं. ज्याच्या गिटार आणि अ‍ॅम्प जगभर वाजले, त्या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्याच्या अ‍ॅम्पच्या पोटात डोकावलं की रेडिओवाल्याचा हात लगेच ओळखू येतो. भाग मोजके, सगळे सहज मिळणारे, आणि बिघडलं तर काढून बदलता येतील असे मांडलेले. संपूर्ण सर्किट एका पानावर मावतं. आजच्या मोबाइलबद्दल हे कुणी म्हणून दाखवावं.

या अ‍ॅम्पमध्ये पाच व्हॉल्व्ह असतात. काचेच्या या नळीची कुळकथा एडिसनपासून सुरू होते. दिव्याची काच आतून काळी का पडते, याचा छडा लावताना १८८०च्या दशकात त्याला दिसलं की तापलेल्या तंतूपासून दूर ठेवलेल्या धातूच्या पट्टीकडे निर्वात पोकळीतूनही वीज जाते. त्याने पेटंट घेतलं आणि विषय तिथेच सोडला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायलाच १८९७ साल उजाडायचं होतं. १९०४मध्ये इंग्लंडात फ्लेमिंगने त्यातून एकाच दिशेने वीज जाऊ देणारी नळी केली, आणि १९०६मध्ये अमेरिकेत ली द फॉरेस्टने तंतू आणि पट्टी यांच्या मधे तारेची एक नागमोडी जाळी बसवली. ती नेमकं काय करते हे त्याचं त्यालाही नीट उमगलं नव्हतं. पुढे आर्मस्ट्राँग नावाच्या तरुण इंजिनिअरने ते मोजून, आलेख काढून दाखवलं. विसाव्या शतकातलं निम्मं इलेक्ट्रॉनिक्स ज्या जाळीवर उभं राहिलं, ती बसवणाऱ्यालाच तिचं काम ठाऊक नसावं, हे मला त्या शोधाहून नवलाचं वाटतं.

जाळीचं काम असं. मधोमध कॅथोड, सातशे-आठशे अंश सेल्सियसला तापलेला. त्याच्यावरच्या बेरियम-स्ट्राँशियमच्या लेपातून इलेक्ट्रॉन उकळून बाहेर पडतात आणि भोवती घोटाळत राहतात. बाहेरच्या बाजूला प्लेट, तिच्यावर शंभर-दीडशे ते साडेतीनशे व्होल्टचा धन दाब. ती या इलेक्ट्रॉनना ओढते. वाटेत ग्रिड, म्हणजे ती जाळी. कालव्याच्या दाराशी बसलेला पाटकरी चाक जरासं फिरवतो आणि पाण्याचा लोंढा कमी-जास्त होतो, तसं ग्रिडवरचा दाब किंचित हलला की प्लेटकडे जाणारा प्रवाह भरपूर हलतो. १२एएक्स७ नावाच्या अंगठ्याएवढ्या व्हॉल्व्हमध्ये असे दोन संच एका काचेत असतात. ग्रिडवर दशांश व्होल्टची थरथर झाली की योग्य रेझिस्टर लावलेल्या प्लेटवर पाचेक व्होल्टची होते. मग एक कपॅसिटर प्लेटवरचा स्थिर दाब अडवतो, फक्त थरथर पुढच्या ग्रिडकडे पाठवतो, आणि तिथे तोच खेळ पुन्हा.

डीलक्समधली माझी सगळ्यात आवडती जागा मात्र जिथे आवाज जराही वाढत नाही ती. शेवटचे दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह जोडीने काम करतात : ध्वनिलहरीचा वरचा अर्धा एकाने ओढायचा, खालचा दुसऱ्याने. त्यासाठी एकाच लहरीच्या दोन प्रती हव्यात, दुसरी पहिलीच्या बरोबर उलट. मोठमोठ्या अ‍ॅम्पमध्ये यासाठी अख्खा व्हॉल्व्ह खर्ची पडतो. इथे १२एएक्स७चा अर्धा भाग घेतलाय, त्याच्या प्लेटच्या वर एक ५६,००० ओहमचा रेझिस्टर आणि कॅथोडच्या खाली तेवढाच दुसरा. दोन्हींतून वाहतो तो प्रवाह एकच. तो वाढला की वरच्या टोकाचा दाब जेवढा उतरतो, खालच्याचा तेवढाच चढतो. झाल्या दोन प्रती, एकमेकींच्या उलट. वेगळं काही बांधलंच नाही, एका प्रवाहाला दोन ठिकाणी विचारलं, इतकंच. सोल्डरिंग करताना हे दोन रेझिस्टर शेजारीशेजारी येतात तेव्हा हात आपोआप थांबतो.

सोल्डरिंगचं म्हणाल तर घाईचं काम नाही. काळपट फायबरच्या पट्टीत पितळी डोळे ठोकलेले असतात. प्रत्येक डोळ्यात रेझिस्टर-कपॅसिटरचे पाय घालायचे, तापवायचे, शिसं-कथलाचा थेंब आत ओढला जाईपर्यंत दम धरायचा. तारा सुती वेष्टनाच्या. त्यांना सोलायची कात्री लागत नाही; वेष्टन चिमटीत धरून मागे सारलं की टोक उघडं पडतं, डाग बसला की वेष्टन पुन्हा पुढे ओढून घ्यायचं. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोन तारा मात्र एकमेकींना घट्ट पिळूनच न्यायच्या. त्यांतून उलटसुलट वाहणाऱ्या विजेची चुंबकक्षेत्रं मग एकमेकांना खोडतात, नाहीतर स्पीकरमधून पन्नास हर्ट्‌झची गुणगुण थांबत नाही. या तारांवर ६.३ व्होल्ट असतात, आणि तो विचित्र आकडा आला मोटारीतल्या रेडिओवरून : २.१ व्होल्टचे तीन सेल असलेली त्या काळची बॅटरी.

व्हॉल्व्ह हातात आला की उजेडात धरून बघा. काचेच्या एका बाजूला आतून चंदेरी आरसा चढलेला दिसेल. तो शोभेचा नाही. कारखान्यात हवा काढून नळी बंद केल्यावर आतला बेरियमचा तुकडा तापवून उडवतात, तो काचेवर बसतो आणि मागे राहिलेला, नंतर झिरपणारा वायू आयुष्यभर गिळत राहतो. नळीला चीर गेली की हा आरसा दुधी पांढरा पडतो. कुठलंही मीटर न लावता कळतं की व्हॉल्व्ह गेला.

आता या अ‍ॅम्पच्या अवगुणांबद्दल. विजेची दिशा एकमार्गी करणारा ५वाय३ हा व्हॉल्व्ह जरा अशक्त आहे. जोरात तार छेडली, प्रवाहाची मागणी वाढली, की त्याचा दाब खचतो आणि सावकाश सावरतो. त्यामुळे सुराची सुरुवातीची धार बोथट होते आणि मग सूर फुलल्यासारखा वर येतो. विकृती कमी करणारी ऋण पुनर्भरणाची जोडणी इथे नाही. दोन चॅनेलचे व्हॉल्यूम एकमेकांत असे गुंतलेत की ज्या चॅनेलला गिटार लावलेलीच नाही त्याचं बटण फिरवलं तरी दुसऱ्याचा आवाज बदलतो. इंजिनिअरिंगच्या परीक्षेत यातल्या प्रत्येकाचे गुण कापले गेले असते. आणि नेमक्या याच गोष्टी बिघडू नयेत म्हणून आज किटवाले जिवाचं रान करतात. नील यंगने १९५९ सालच्या डीलक्सवर उभी हयात काढली ती या खचण्या-फुलण्यासाठीच, असं त्याचं वादन ऐकताना वाटतं. पन्नासच्या दशकातल्या काटकसरीला आपण आज ‘टोन’ म्हणतो, आणि त्यात मला काही चुकीचं दिसत नाही.

आपल्याकडे बांधायचं तर पॉवर ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा मागवायचा. अमेरिकी किटमध्ये बहुधा १२० व्होल्टचा येतो. पहिल्यांदा चालू करताना आपल्या रेडिओ मेकॅनिकांचा सिरीज बल्बच वापरावा. साठ-शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब अ‍ॅम्पच्या वाटेत जोडायचा, एलईडी चालत नाही. आधी एकही व्हॉल्व्ह न लावता, मग एकेक लावत. बल्ब चमकून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि महागडा ट्रान्सफॉर्मर वाचला. स्पीकर जोडल्याशिवाय अ‍ॅम्प चालवायचा नाही. आणि हे विसरायचं नाही की आत साडेतीनशे व्होल्टच्या वर दाब असतो, प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून बसतात. रेझिस्टरमधून तो उतरवून, मल्टिमीटरने शून्य बघूनच हात घालायचा. हा दाब जीव घेऊ शकतो. ज्याला हे काम नवं आहे त्याने जाणकाराला शेजारी बसवावं.

व्हॉल्व्ह आज स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. एके काळी बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्सही बनवत असे, आणि ठाण्याच्या मर्फी कारखान्यातले व्हॉल्व्हचे रेडिओ मराठी घरांतून वाजत. ‘बीईएल’ छापलेली जुनी नळी अजूनही हौशी लोक शोधून काढतात.

डीलक्सच्या बटणावर आकडे १ ते १२ आहेत. निम्म्याच्या पुढे गेलं की आवाज फारसा वाढत नाही. लहरींचे माथे गोल होतात, सुरात वरचे सूर मिसळतात आणि तो दाट होत जातो. अ‍ॅम्प जेमतेम बारा-पंधरा वॅटचा, म्हणून लहान समजून कुणी फ्लॅटमध्ये बटण १२ वर नेऊ नये. सोसायटीच्या सेक्रेटरीला वॅटचं गणित समजावता येत नाही.