असं का होतं? : पवनचक्कीखालचे निर्धास्त सरडे

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्यांची रांगच उभी आहे. शिकारी पक्षी पात्यांना धडकून मरतात, हे आपण ऐकलेलं असतं. भक्ष्य शोधताना त्यांची नजर खाली जमिनीवर असते. समोरचं पातं ध्यानात येत नाही. चाळकेवाडीत मात्र धडकेपेक्षा वेगळंच काही घडलं. शिकारी पक्षी तिथे कमी फिरकू लागले.

भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले. मांजर गेलं की उंदीर माजतात, तसे चक्क्यांखाली सरडे वाढले. हे सरडे साधे नव्हेत. नराच्या गळ्याला निळा, काळा, नारिंगी पंखा असतो. आकाशातला धाक गेल्यामुळे त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक कमी झालं. माणूस अगदी जवळ आला तरी ते पळेनात.

चैनच म्हणायची! पण खाणारी तोंडं वाढली आणि बहुधा किडे पुरेनासे झाले. सरडे रोडावले. नरांच्या गळ्यावरचे रंगही फिके पडले, आणि तोच पंखा फुलवून तर नर माद्यांना रिझवतात, दुसऱ्या नरांना दटावतात.