ठेंगण्या वेली आणि वाढती मुले

गेल्या फेब्रुवारीत एक आजी आपल्या सात वर्षांच्या नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. निमित्त खोकल्याचे होते. छाती तपासून झाली, औषध लिहून झाले, तरी आजी खुर्चीतून उठेनात. काचीगुड्याच्या त्यांच्या जुन्या घराच्या गच्चीवर त्यांनी कुंड्यांत टोमॅटो लावले होते. झाडे जेमतेम हातभर उंचीची, पण फळांनी लगडलेली. "डॉक्टरसाहेब," आजी हळूच म्हणाल्या, "ह्या ठेंगण्या झाडांची फळं हा रोज खातो. म्हणून तर ह्याची उंची खुंटली नाही ना? शेजारी म्हणतात, ते बी जीन बदललेलं असतं."

मी हसलो. "आजी, असं काही नसतं," एवढे म्हणून पुढच्या मुलाला आत बोलावले.

रात्री जेवताना मात्र ते हसणे मला टोचू लागले. झाड ठेंगणे का राहते, हे मला तरी कुठे ठाऊक होते? वाढ खुंटलेली मुले तपासण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. संप्रेरक कमी आहे की संप्रेरकाचा ग्राही बिघडला आहे, हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारतो. तोच प्रश्न झाडाबद्दल विचारण्याचे मात्र कधी सुचले नव्हते. पुढच्या काही आठवड्यांत जे वाचले, त्यातून हा लेख सिद्ध झाला आहे.

आरंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. आजींच्या कुंडीतले टोमॅटो जनुकबदल केलेले नव्हते. आपल्या देशात व्यापारी लागवडीत असलेले जनुकबदल पीक म्हणजे २००२ साली मान्यता मिळालेला बीटी कापूस, भाजीपाला नव्हे. कुंडीत लावण्याजोग्या ठेंगण्या टोमॅटोच्या जाती साध्या संकरातून व निवडीतून तयार झालेल्या आहेत. फ्लॉरिडात १९८९ साली प्रसिद्ध झालेली मायक्रो-टॉम ही अशीच एक जात. शोभेसाठी केलेली, वीतभर उंचीची. पण शेजाऱ्यांचे म्हणणे उद्या खरे होऊ शकते, आणि म्हणूनच ते समजून घेतले पाहिजे.

ठेंगण्या झाडाची गोष्ट थेट मेंडेलपर्यंत जाते. वाटाण्याच्या ज्या सात गुणांचा त्याने अभ्यास केला, त्यांपैकी एक खोडाची उंची हा होता: काही झाडे सहा-सात फूट, तर काही दीड फुटाच्या आत. दुसऱ्या पिढीतील १०६४ झाडांपैकी ७८७ उंच आणि २७७ ठेंगणी निघाली. तीनास एक हे प्रमाण आपण सर्वांनी पहिल्या वर्षी पाठ केले आहे. परंतु त्या ठेंगण्या वाटाण्यात नेमके काय बिघडलेले होते, याचा उलगडा व्हायला १९९७ साल उजाडले. जिबरेलिन नावाच्या वनस्पती-संप्रेरकाला अखेरचे, क्रियाशील रूप देणारे विकर त्या झाडात नीट काम करीत नव्हते. अशा झाडावर बाहेरून जिबरेलिन फवारले की ते सरळ वाढू लागते. बालरोगतज्ज्ञाला यात काय दिसते, हे सांगायला नको. वाढीचे संप्रेरक कमी असलेल्या मुलाला तेच संप्रेरक टोचल्यावर उंचीचा आलेख वर वळतो, त्याचेच हे हिरवे रूप.

दुसरे उदाहरण हरितक्रांतीच्या गव्हाचे. नोरिन १० या जपानी गव्हातील ठेंगणेपणा नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोच्या गव्हात उतरवला, आणि १९६६ साली भारताने त्या मेक्सिकन गव्हाचे १८ हजार टन बियाणे आणले. या गव्हावर जिबरेलिन कितीही फवारा, तो उंच होत नाही. संप्रेरक असते, पण वाढ रोखून धरणारे एक प्रथिन, जे जिबरेलिन येताच नाहीसे व्हायला हवे, ते बदललेल्या रूपात हटतच नाही. गाडीला पेट्रोल आहे, पण ब्रेक अडकून बसला आहे. १९९४ साली अकोन्ड्रोप्लेझियाचे कारण उमगले, तेव्हा तेथेही असेच चित्र दिसले होते: हाडांची वाढ आवरणारा ग्राही सदैव चालू. गव्हात जो अडकलेला ब्रेक कोट्यवधींची भूक भागवणारा ठरला, तोच एखाद्या बालकाच्या वाट्याला आला की आईवडिलांची झोप उडवतो.

आता भाज्यांकडे वळू. टोमॅटो मुळात वेलीसारखा वाढतच राहणारा. १९१४ साली फ्लॉरिडात एक झाड असे आढळले की काही घोस आल्यावर त्याची वाढ आपोआप थांबली, जणू कोणी शेंडा खुडला. त्या जनुकाला 'सेल्फ प्रुनिंग', म्हणजे स्वतःच स्वतःची छाटणी करणारा, असे नाव मिळाले. आज यंत्राने तोडला जाणारा, सॉससाठी वापरला जाणारा टोमॅटो बहुतांशी या एका उत्परिवर्तनावर उभा आहे. तो कोणी प्रयोगशाळेत घडवला नव्हता. निसर्गात घडला आणि माणसाने हेरला.

डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतील झाकरी लिपमन यांच्या चमूने याच धाग्याला पुढचा धागा जोडला. त्यांनी तीन जनुके निवडली. पहिले सेल्फ प्रुनिंग. दुसरे, दिवस लांब असला की फुलोरा लांबवणारे. ते निकामी केले की फुले लवकर येतात. तिसरे इरेक्टा, जे दोन पानांमधील पेर लांब करते. ते निकामी झाले की पेरे आखूड होतात आणि घोस एकमेकांना बिलगतात. तिन्ही जनुके क्रिस्परच्या साहाय्याने एकत्र बंद केल्यावर जे झाड मिळाले, ते फळांच्या गुच्छासारखे दिसते. छायाचित्र पाहिले तेव्हा प्रथम फुलदाणीचाच भास झाला. एका झाडाचे उत्पन्न अर्थातच कमी. पण तेवढ्याच जागेत झाडे अधिक बसतात आणि फळ लवकर हाती येते. गच्च्या, बंदिस्त शेती, दिव्यांखालची मांडणी अशा ठिकाणांसाठी हा खटाटोप होता.

इरेक्टाची कथा मला विशेष आवडली. मोहरीच्या कुळातील एका चिमुकल्या रानरोपावर गेल्या शतकाच्या मध्यास क्ष-किरणांचा मारा केला असता एक ताठ, बुटके रोप मिळाले. जगभरच्या प्रयोगशाळांतून ते वाढवले गेले, पण त्यातील बिघडलेले जनुक १९९६ साली ओळखले गेले. ते पेशीच्या पृष्ठभागावरील एक ग्राही निघाले. पुढे २०२० साली चिनी संशोधकांनी आखूड पेरांच्या खरबुजाचा छडा लावला, तर दोषी निघाला तोच इरेक्टा! टोमॅटोत कात्रीने केलेला बदल खरबुजात निसर्गाने आधीच करून ठेवला होता. कलिंगडाच्या एका ठेंगण्या वाणात तर मेंडेलच्या वाटाण्यातल्याच विकराचे जनुक बिघडलेले आढळले.

खरबुजाच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण मात्र आहे. त्याची वेल दोन-तीन मीटर पसरते, म्हणून ती आखूड झाली तर शेतकऱ्याला आणि गच्चीवाल्याला दोघांनाही हवीच आहे. पण खरबुजाची गोडी पानांत तयार होते. वेल आखडताना पानेही कमी झाली, तर फळ लहान राहते आणि फिके लागते. झुडपी खरबुजांविषयी ही जुनीच तक्रार आहे. शिवाय या कुळातील वनस्पतींचे पेशींपासून पुन्हा रोप उगवणे जिकिरीचे असते, त्यामुळे संपादनाचे काम टोमॅटोइतके सुकर नाही.

हे संपादन होते कसे? डाउडना आणि शारपेंतिए यांनी २०१२ साली मांडलेल्या आणि २०२० साली नोबेल मिळवून देणाऱ्या या तंत्रात एक मार्गदर्शक आरएनए डीएनएवरील नेमकी जागा शोधतो आणि कॅस-९ हे विकर तेथे काप घेते. पेशी तो काप घाईघाईने सांधते, एखादे अक्षर गाळते वा वाढवते, आणि जनुक निकामी होते. कॅस-९ चे जनुक बहुधा जिवाणूच्या मदतीने रोपात घातलेले असते, म्हणजे त्या घटकेला रोपात परके जनुक असतेच. मग ते काढतात कसे? येथे पुन्हा मेंडेलबाबा धावून येतात. रोपाचे स्वपरागण केले की पुढच्या पिढीत साधारण चौथ्या हिश्शाच्या रोपांत ते परके जनुक उतरलेलेच नसते. अशी रोपे निवडायची. त्यांत काप तेवढा उरतो, कात्री उरत नाही.

हीच कात्री आता आपल्या क्षेत्रातही आली आहे. २०२३ च्या अखेरीस सिकलसेलवरील क्रिस्पर उपचाराला ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. २०२५ साली फिलाडेल्फियात युरियाचक्राच्या एका दुर्मीळ विकाराने जन्मलेल्या तान्ह्या बाळासाठी त्याच्या एकट्यापुरते संपादन घडवून दिले गेले. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. टोमॅटोच्या वेळी कपाळाला आठ्या का, असे एक तरुण सहकारी मला म्हणाला. माझे मत थोडे वेगळे आहे. बाळाच्या बाबतीत आजार समोर असतो आणि धोका पत्करण्याला कारण असते. भाजी निरोगी मुलाने खायची असते. तेथे मोजमाप अधिक कडक असणे गैर नाही.

तर मग मोजायचे काय? वनस्पतीचे संप्रेरक मुलाला खुजे वा उंच करील का, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. जिबरेलिन ओळखणारा ग्राही माणसात नाही. नाशिक-सांगलीच्या बिनबियांच्या द्राक्षांचे घड मणी फुगण्यासाठी जिबरेलिनमध्ये बुडवतात; ती द्राक्षे खाऊन कोणाची मुले ताडमाड झालेली ऐकिवात नाहीत. कोकणात हापूसला मोहोर धरावा म्हणून देतात ते कल्टार याच संप्रेरकाची निर्मिती रोखते. त्याचा अंश फळात किती उरतो हा रसायनाच्या अवशेषाचा प्रश्न आहे आणि तो वेगळा आहे. संपादित झाडात असे बाहेरचे रसायन नसते.

खरी तपासणी दोन ठिकाणी हवी. एक, ॲलर्जी. १९९६ साली ब्राझील नटचे प्रथिन सोयाबीनमध्ये घातले असता त्या नटची ॲलर्जी असणाऱ्यांचे रक्तद्रव्य सोयाबीनलाही प्रतिसाद देऊ लागल्याचे दिसून आले, आणि तो प्रकल्प थांबला. परके प्रथिन घालताना हा धोका असतो. आपलेच जनुक बंद करताना तो फारच कमी. दोन, वनस्पतीची स्वतःची विषे. अमेरिकेत १९६७ साली आलेला लेनापे बटाटा साध्या संकरातून झाला होता, पण त्यात सोलॅनिन इतके निघाले की १९७० साली तो मागे घ्यावा लागला. कडू दुधीचा रस पिऊन आपल्याकडे माणसे दगावली आहेत. त्या दुधीला कोणत्याही प्रयोगशाळेचा स्पर्श नव्हता. म्हणून वाण कोणत्या पद्धतीने घडले यापेक्षा हाती आलेल्या फळात काय आहे, हे तपासणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. अर्थात कात्रीने भलत्याच जागी काप घेतला नाही ना, हेही पाहावे लागते आणि ते पाहता येते.

आपल्या हैदराबादचा या वादाशी जुना संबंध आहे. जालन्याच्या महिकोने तयार केलेल्या बीटी वांग्याबद्दल तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावणी घेतली, त्यांत हैदराबाद होते. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्या वांग्याला स्थगिती मिळाली. बांगलादेशाने मात्र २०१३ साली ते स्वीकारले. पुढे मार्च २०२२ मध्ये केंद्राने परके जनुक न उरलेल्या संपादित वनस्पतींना १९८९ च्या नियमांतील काही कठोर कलमांतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये दोन संपादित भातांची घोषणा झाली. त्यांपैकी 'कमला' आपल्या राजेंद्रनगरच्या भात संशोधन संस्थेत, सांबा मसुरीपासून घडला. त्याच्या उत्पन्नाच्या आकड्यांवरून पुढे वादही झाले. ही सूट देताना ग्राहकाला पिशवीवर काही कळावे की नाही, या प्रश्नाला बगल दिली गेली, असे माझे मत आहे. आईने विचारले तर मला सांगता आले पाहिजे. मला सांगता यायचे तर ते कोठेतरी छापलेले असले पाहिजे. क्रिस्परवरील पेटंटे प्रामुख्याने परदेशी संस्थांकडे आहेत, ही दुसरी खोच.

आजी पुन्हा आल्या त्या एप्रिलमध्ये. या खेपेला मी मुलाची उंची नीट मोजली, जुन्या लसीकरण-पुस्तिकेतल्या नोंदी तक्त्यावर मांडल्या, आईवडिलांची उंची विचारली, मनगटाचे क्ष-किरण चित्र काढले. वर्षाला पाच सेंटिमीटरची वाढ होती; हाडांचे वय दीड वर्षाने मागे होते. वडीलही दहावीपर्यंत वर्गात पहिल्या बाकावर बसत आणि मग कॉलेजात एकदम वाढले, हे आजींनीच सांगितले. मी त्यांना कागदावर वाटाणा, टोमॅटो आणि नातू अशा तीन रेषा काढून दाखवल्या आणि टोमॅटो खुशाल खाऊ द्या म्हणालो.

त्यांनी कागद घडी घालून पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "ते असू दे. पण असं बारकं खरबूज निघालं, तर त्याचं बी धुऊन, वाळवून मी पुढच्या वर्षी लावलं, तर उगवेल का तसंच?"

वाण शुद्ध असेल तर तसेच उगवेल, संकरित असेल तर नाही, असे मी सांगितले. आपल्या २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचे बी राखण्याचा हक्क दिलेला आहे, हेही सांगितले. आजींनी विचारले, "आणि गच्चीवालीला?" कायद्याच्या मजकुरात गच्ची कोठे येते, हे मी अजून शोधतो आहे.