मालदांडीचे रान कोण राखणार?

दिवाळीच्या दिवसांत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी चांगली वर आलेली असते. उत्तरा-हस्त नक्षत्रांत पेर होते. त्यानंतर पावसाचा भरवसा नसतो आणि बहुतेक रानांना पाटाचे पाणीही नसते. खोल मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर हे पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे राहते. जमिनीला भेगा पडू लागल्या की कोळपे फिरवून त्या बुजवायच्या. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' हा इथला जुना हिशेब. कडेने करडईची पाटे असतात. तिच्या काट्यांमुळे गुरे आत शिरत नाहीत आणि घरचे तेलही निघते.

दुष्काळात दामाजीपंतांनी धान्याची कोठारे रयतेला खुली केली, असे परंपरा सांगते, ते हेच मंगळवेढे. इथल्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाण मुख्यतः मालदांडी. याच सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला 'एम 35-1' गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून रब्बीचे रान सांभाळून आहे. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा; भाकरी मऊ आणि गोडसर.

ज्वारीच्या पानांवर मेणचट थर असतो. ताण पडला की झाड वाढ थांबवते आणि ओल मिळताच पुन्हा वाढू लागते. शिवाय हे पीक माणसाला दाणा देते आणि जनावराला कडबा. म्हणूनच शेतकरी वाण पारखतो तो ताटाच्या उंचीकडेही पाहून. 1964 मध्ये देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-1, आली आणि खरिपाचे उत्पादन वाढले. पण खरिपाचा दाणा परतीच्या पावसात सापडला की काळा पडतो, आणि बुटक्या ताटांना कडबाही कमी. भाकरीसाठी मागणी राहिली ती रब्बीच्या मालदांडीलाच.

तरीही ज्वारीचा पेरा घटत गेला. अन्नसुरक्षा कायद्याने 2013 मध्ये तांदूळ, गहू आणि भरडधान्य या तिन्हींना रेशनमध्ये जागा दिली. प्रत्यक्षात दुकानात पोहोचतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. गरिबाघरची भाकरी अशी चपातीच्या मागे गेली. जिथे उजनी धरणाचे पाणी पोहोचले तिथे ऊस आला. तिसरे कारण मजुरीचे. कडबा शाबूत राहावा म्हणून ज्वारी हाताने उपटतात. उन्हात ताटे उपटून तळहात सोलून निघतात. मग पेंढ्या बांधायच्या, कणसे खुडायची, मळणी करायची. यातले बरेचसे काम बायका करतात. हार्वेस्टर घातला तर कडब्याची नासाडी होते.

म्हणून 'स्थानिक खा' एवढे सांगून भागत नाही. सोलापूरची साखरही स्थानिकच आहे. पण उसाला वर्षभरात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते, आणि जिल्ह्यात पाऊस पडतो तो साधारण साडेपाचशे मिलिमीटर. आपल्या गावचे पीक आपल्या गावच्या पाण्यात बसते का, हा खरा प्रश्न आहे. रब्बी ज्वारी त्यात बसते.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले. बाजारात बिस्किटे, चिवडे, तयार पिठे आली. त्यांनी कौतुक वाढवले, हे चांगलेच झाले. पण पाकिटातल्या बिस्किटात ज्वारी मूठभर असते. घरात रोज भाकरी झाली तर वर्षाकाठी पोती लागतात. 2025-26 साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला 3,749 रुपये जाहीर झाला होता. मात्र जाहीर भावाने खरेदी होतेच असे नाही. नेहमीचे गिऱ्हाईक हाच शेतकऱ्याचा भक्कम आधार.

तेव्हा वाचकांना विनंती अशी. मार्च-एप्रिलमध्ये सुगी झाल्यावर शेतकरी गटाकडून किंवा उत्पादक कंपनीकडून थेट ज्वारी घ्या. रान कोणते, वाण कोणता, हे विचारा. कोरडवाहू मालदांडीला गव्हापेक्षा जास्त पैसे पडले तर ते द्या. त्यात उपटणारीची मजुरी आहे. धान्याला कडक ऊन देऊन कडुनिंबाच्या पाल्यात भरून ठेवा. पीठ आठवड्यापुरतेच दळा, कारण जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. सोसायटीतली चार घरे एकत्र आली तर वाहतुकीचा खर्चही कमी होतो. आणि रेशनवर रब्बी ज्वारी मिळावी, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधीकडे लेखी करा. तरच हे अन्न पैसेवाल्यांपुरते राहणार नाही.

शेतकरी मार्चमध्ये हाती आलेला भाव पाहून सप्टेंबरचा पेरा ठरवतो. मालदांडीचे रान राखायचे असेल तर येत्या सुगीतच आपली वर्षाची बेगमी करा.