रंजक कोडे आणि वर्गप्रकृती

डिसेंबर १९१४ च्या ‘स्ट्रँड’ मासिकातील एक कोडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी केंब्रिज येथे श्रीनिवास रामानुजन यांना वाचून दाखविले. रस्त्याच्या एका बाजूस १ पासून क्रमवार क्रमांकांची घरे आहेत. त्यांपैकी एका घराच्या अलीकडील व पलीकडील क्रमांकांची बेरीज समान भरते. एकूण घरे ५० ते ५०० च्या दरम्यान असल्यास त्या घराचा क्रमांक कोणता?

घराचा क्रमांक ‘क’ व एकूण घरे ‘न’ मानल्यास २क² = न² + न हे समीकरण मिळते. दोन्ही बाजू ४ ने गुणून १ मिळविल्यास ८क² + १ = (२न + १)² असे रूप येते. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने विवेचिलेली ‘वर्गप्रकृती’ ती हीच. क = १ पासून आरंभ केल्यास पुढील उत्तर ६ मिळते. त्यानंतरचे प्रत्येक उत्तर म्हणजे आधीच्या उत्तराची सहापट वजा त्याच्या आधीचे उत्तर : ३५, २०४, ११८९... दिलेल्या मर्यादेत क = २०४, न = २८८ ही एकच जोडी बसते.

प्रयत्न-प्रमाद पद्धतीने २०४ हे एक उत्तर हाती लागते. रामानुजन यांनी मात्र सतत अपूर्णांकाच्या रूपाने सर्व उत्तरे एकदम सांगितली. विद्यार्थ्यांनी उदाहरण सुटताच न थांबता त्यातील मर्यादा काढून पाहावी. सामान्य नियम तेथेच गवसतो.