पाणी डोकी मोजतं

एप्रिलातल्या एका रात्री फ्रीझरमध्ये बर्फाचे तीन ट्रे ठेवले. एकात साधं पाणी, दुसऱ्यात काळ्या द्राक्षांचा रस, तिसऱ्यात पाहुण्यांनी उरवलेली रोझे वाइन. तिन्ही शेजारी शेजारी, त्याच उणे १८ अंशांत. सकाळी पाण्याचे खडे नेहमीसारखे खणखणीत निघाले. रसाचेही खडे झाले होते, पण दाताखाली ते कचकन फुटले. वाइनच्या ट्रेमध्ये मात्र चमचा सरळ आत गेला. गुलाबी, रवाळ, ओलसर लगदा. ट्रे कलता केला तर कडेने थोडी पातळ वाइन ओघळलीसुद्धा. अख्खी रात्र त्या थंडीत काढून ती गोठली म्हणावी तर गोठली नव्हती, आणि नाही म्हणावी तर चमचा उभा राहत होता.

गोठवलेल्या वाइनची सगळी करामत त्या तिसऱ्या ट्रेमध्ये आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१६च्या उन्हाळ्यात ‘फ्रोझे’ नावाने तिने धुमाकूळ घातला, तेव्हा बारमध्ये त्यासाठी मशीन फिरत होती. घरी मात्र एक पसरट डबा आणि मिक्सर पुरतो, कारण निम्मं काम वाइन स्वतःच करते.

बर्फ होताना पाण्याचे रेणू षटकोनी जाळी विणतात आणि त्या जाळीत परक्याला जागा नसते. साखर, आम्ल, रंग, अल्कोहोल, सगळ्यांना बाहेर ढकललं जातं. म्हणजे वाइनमध्ये तयार होणारा पहिला बर्फ हा जवळजवळ निव्वळ पाण्याचा असतो. हाकललेली मंडळी उरलेल्या द्रवात दाटीवाटीने बसतात, तो द्रव आणखी कडक होतो, आणि त्याला गोठवायला आणखी थंडी लागते. साडेबारा टक्के अल्कोहोलची वाइन उणे ५ अंशांच्या आसपास पहिले स्फटिक धरते. उणे १८ला पोचेपर्यंत तिच्यातलं बरंचसं पाणी बर्फात गेलेलं असतं, आणि स्फटिकांच्या फटींत जो द्रव उरतो त्यात अल्कोहोल तीस टक्क्यांच्या पुढे गेलेलं असतं. पाहुण्यांची निरुपद्रवी रोझे, रात्रभरात व्हिस्कीच्या वाटेला लागलेली! तेवढ्याला गोठवणं घरच्या फ्रीझरच्या आवाक्यात नाही.

मग द्राक्षाचा रस का गोठला? त्यातही साखर भरपूर असते, वाइनमधल्या अल्कोहोलपेक्षा वजनाने जास्तच. इथे खरी गंमत आहे. पंगतीत कोणी जेवणाऱ्यांचं वजन करत नाही, पानं मोजतात. पाण्याचंही तसंच. त्यात काय विरघळलंय याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही, किती कण विरघळले तेवढं ते बघतं. अल्कोहोलचा रेणू चिमुकला; द्राक्षातल्या साखरेचा रेणू त्याच्या जवळजवळ चौपट जड. म्हणून शंभर ग्रॅम अल्कोहोलात जेवढी डोकी भरतात, तेवढी शंभर ग्रॅम साखरेत भरत नाहीत, आणि साखर पाण्याला तितकंसं अडवू शकत नाही.

हे गणित चार्ल्स ब्लॅग्डेन या इंग्रज डॉक्टरने १७८८ मध्ये पहिल्यांदा नीट मांडलं: विरघळलेला पदार्थ दुप्पट केला तर गोठणबिंदूची घसरणही दुप्पट. पुढे फ्रान्समध्ये राउल्ट या रसायनशास्त्रज्ञाने १८७८ पासून या घसरणीचा पिच्छा पुरवला आणि रेणूंचं वजन काढायची एक रीतच त्यातून निघाली. म्हणजे थर्मामीटर बुडवून अदृश्य रेणूंची शिरगणती! आपल्याकडे पॉटचं आईस्क्रीम फिरवणाऱ्यांना राउल्ट माहीत असायचं कारण नव्हतं. मे महिन्यात लाकडी बादलीत बर्फ फोडून टाकायचा, वर खडे मीठ, आणि घरातल्या पोरांनी आळीपाळीने हँडल मारायचं. मीठ पाण्यात गेलं की त्याचे दोन-दोन कण होतात, डोकी आणखी वाढतात, आणि बर्फ-मिठाचं ते मिश्रण पार उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं.

बारमधल्या त्या मशीनची गोष्ट अमेरिकेतली. कॅन्सस राज्यातल्या कॉफीव्हिल गावी ओमर नेडलिक नावाचा दुकानदार होता. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचं सोड्याचं यंत्र बिघडलं, म्हणून त्याने बाटल्या फ्रीझरमध्ये ठेवल्या. त्या अर्धवट गोठल्या आणि गिऱ्हाइकं तेच मागू लागली. त्यातून जे यंत्र निघालं ते पुढे दुकानादुकानांत बर्फाळ शीतपेय वाटू लागलं. १९७१ मध्ये डॅलसला मारियानो मार्टिनेझ या तरुणाने रेस्टॉरंट उघडलं. त्याची मार्गारिटा मिक्सरमधून निघायची, आणि एक ग्लास गोड तर दुसरा आंबट. लिंबं पिळून बारवाला वैतागलेला, गिऱ्हाइकं कुरकुरणारी. अशातच एका सकाळी मार्टिनेझ कॉफी घ्यायला कोपऱ्यावरच्या दुकानात शिरला आणि समोर पोरांसाठी फिरणारं ते बर्फाचं यंत्र! जाणकार म्हणाले, दारू अशी गोठायची नाही. मार्टिनेझने सॉफ्टी आईस्क्रीमचं एक जुनं यंत्र आणलं आणि साखरेचं प्रमाण जुळेपर्यंत खटपट केली. २००५ पासून ते यंत्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या इतिहास संग्रहालयात आहे. जाणकारांचं अगदीच चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. दारू गोठलीच नव्हती, तिच्यातलं पाणी गोठलं होतं.

आता घरचा प्रयोग. बाटली उघडून वाइन पसरट स्टीलच्या डब्यात ओता आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. बंद बाटली ठेवू नका. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. मी एकदा ठेवून विसरलो, तर बूच वर सरकून मटारच्या पिशवीवर गुलाबी बर्फ साचला होता. तेवढ्यावर निभावलं. फसफसणाऱ्या वाइनची बाटली असती तर काचा वेचत बसलो असतो. सकाळी शंभर ग्रॅम साखर तेवढ्याच पाण्यात विरघळवून पाक करा आणि तो पूर्ण गार करा. मार्चमध्येच महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी चिरून गोठवून ठेवली असेल तर उत्तम, नाहीतर कलिंगडाचे बिया काढलेले तुकडे गोठवा. बर्फाच्या खड्यांऐवजी हेच वापरायचे, म्हणजे पेय पाणचट होत नाही. मिक्सरचं भांडंही तासभर फ्रीझरमध्ये ठेवावं, कारण पात्यांच्या घर्षणाने लगदा बघता बघता वितळतो. मग वाइनचा लगदा, फळ, पाक, दोन लिंबांचा रस. थांबत थांबत, चार-पाच झटके. पातळ वाटलं तर अर्धा तास पुन्हा फ्रीझरमध्ये. आंब्याला मात्र यात आणू नये असं माझं मत आहे. हापूस बोलायला लागला की वाइनचं कोण ऐकतो!

मिक्सर नसला तर काटा घ्या आणि सिसिलीतल्या ग्रानिटासारखं दर पाऊण तासाने डबा बाहेर काढून खरवडा. दोन्हींत काम एकच, स्फटिकांना मोठं होऊ न देणं. ते बारीक राहिले तर जिभेला मऊ लागतात, वाढले तर वाळूसारखे कचकचतात. पाकाचा उपयोगही नुसत्या गोडीपुरता नाही. त्याने फटींतला द्रव दाट होतो आणि स्फटिकांना एकमेकांना चिकटून वाढणं अवघड जातं.

तरीही शंभर ग्रॅम साखर वाचून कोणी दचकेल. वितळलेलं आईस्क्रीम चाखून बघा, गोडमिट्ट लागतं; तेच गोठलेलं असताना बेताचं वाटलं होतं. चवीच्या पेशींत टीआरपीएम५ नावाचं एक सूक्ष्म दार असतं, गोडाची वर्दी मेंदूला देण्यात त्याचा हात असतो, आणि ते उबेत सताड उघडतं, गारठ्यात किलकिलं राहतं. हे २००५ मध्ये प्रयोगाने दिसलं. थंडीत वासही कमी उडतो. म्हणून इथे महागडी वाइन घालणं म्हणजे पैसे फ्रीझरमध्ये गोठवणं. रंगाने गडद, फळांच्या चवीची साधी रोझे चालते. तुरट लाल वाइन नको, थंडीत तिचा तुरटपणा आणखी बोचतो.

पाणी बाजूला काढून गोडी दाट करण्याची हीच युक्ती जर्मनीत वाइन होण्याआधीच वापरतात. ऱ्हाईनकाठी बिंगेनजवळच्या ड्रोमर्सहाइम गावात १८२९च्या हंगामाची द्राक्षं गुरांसाठी म्हणून वेलींवरच राहिली होती. फेब्रुवारी १८३० मध्ये ती गोठलेली पिळली, तेव्हा बर्फ आत राहिला आणि बाहेर आला तो मधासारखा रस. आइसवाइन म्हणतात ती ही. आजही तिच्यासाठी पारा उणे ७पर्यंत उतरायची वाट बघतात आणि द्राक्षं तशीच कडक असताना खुडतात. आमच्या निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की बागाईतदाराची झोप उडते. ऑक्टोबर छाटणीनंतर पोसलेल्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या पेटतात. तिकडे ज्या रात्रीसाठी देव पाण्यात ठेवायचे, ती इकडे न यावी म्हणून जाळ करायचा.

एक सांगायचं राहिलं. बर्फ झाला म्हणून अल्कोहोल कुठे जात नाही. पाऊण लिटरच्या बाटलीत सुमारे ९४ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं, ते या गुलाबी चुऱ्यात जसंच्या तसं असतं. फक्त गारठ्यात आणि गोडात ते जिभेला कळत नाही, त्यामुळे ग्लास सरबतासारखा उतरतो. त्यातही स्ट्रॉने ओढलं तर आधी येतो तो फटींतला कडक द्रव.

मागे उरतो तो फिकट होत जाणारा बर्फ. चौपाटीवर काला-खट्टाचा गोळा चोखून रंग संपवला की काडीला शेवटी जो पांढरा, बेचव गोळा उरायचा, तोच.